खिडकीपलीकडचा ताडमाड

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याच्यावर चक्क खेकसले होते.

तसं त्यानं बिचाऱ्यानं काही केलं नव्हतं. इस्पितळाच्या तळघरात आमचं धुणंघर आहे. ऑपरेशनला वापरलेली हत्यारं इथे येतात, धुतली जातात आणि वाफेत तापवून परत वर जातात. धुण्याची यंत्रं दिवसभर धडधडतात, आणि कात्र्यांच्या सांध्यांतलं पाणी उडवायला हवेची बंदूक असते, तिची किंकाळी तर विचारूच नका. त्या कल्लोळात खिडकीशी एक उंचच्या उंच माणूस वाकून उभा... आणि नुसते ओठ हलवतोय!

"मोठ्यानं बोला की!" मी ओरडले.

तो दचकला. मग ट्रेवर बोट ठेवलं, दोन बोटांचा चिमटा करून दाखवला, हात झटकले. एक चिमटा हरवला होता. चेहरा मात्र असा, की घरचं मांजरच हरवलंय! मला हसू आवरेना, कारण चिमटा माझ्याच टेबलावर होता.

हाडांच्या ऑपरेशन थिएटरमधला हा नवा टेक्निशियन. आमच्या मावशींनी त्याच दिवशी त्याचं बारसं उरकलं – ताडमाड.

मग तो रोजच यायला लागला. गाल फुगवले की समजायचं, वर मोठे डॉक्टर तापलेत. घास तोंडाशी नेऊन भुवई उडवली की – जेवलीस? हातवाऱ्यांत अहो-जाहो कुठलं असायला, त्यामुळे आम्ही एकदम अगं-अरेवरच आलो. त्याची ट्रॉली यायची वेळ झाली की माझं निम्मं लक्ष खिडकीकडे. मावशी कानाशी येऊन ओरडायच्या, "डोळ्यांनी किती बोलशील गं! जरा हत्यारंही धू!"

गंमत म्हणजे, त्याचा आवाज कसा आहे हे मला माहीतच नव्हतं. घरी गेल्यावर मी तो मनातल्या मनात बनवायचे. कधी भरदार, कधी जरासा खर्जातला... पण बनवलेला आवाज टिकायचा नाही. शांत बसलं की कानात शीळ सुरू व्हायची, लांबून कुकरची शिट्टी यावी तशी, फक्त न थांबणारी. झोप लागायची नाही, डोकं ठणकायचं, आणि सकाळी सगळा राग आईवर.

"अगं, मी समोर बसलेय, गच्चीवर नाही," आई म्हणायची. "ओरडतेस कशाला?"

"मी कुठे ओरडतेय?"

"मग हे काय चाललंय?"

कानात घालायचे बोळे मिळायचे आम्हाला. पण ते घातले की यंत्राची सूचना ऐकू येत नाही, म्हणून ते सगळ्यांच्या खिशातच. दरवर्षी कानांची तपासणीही व्हायची. काचेच्या खोलीत बसायचं, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. पण काचेतून तपासणाऱ्या बाईंचं कोपर दिसतं. कोपर हललं, की दाबा बटण! ही युक्ती आम्ही एकमेकींना शिकवलेली. मी दरवर्षी पास. कारण नापास होणारीची बदली रस्त्यापलीकडच्या इमारतीत, कपड्यांच्या भांडारात व्हायची. तिथे शांतता खूप, पण खिडकी नाही आणि ट्रॉली नाही. त्याला न बघता दिवस काढायचा? छे! कान गेला तरी चालेल, असंच वाटायचं मला. वेडी होते झालं.

एकदा दुपारच्या सुट्टीत तो मला जिन्यात भेटला. खाली कॉम्प्रेसर घरघरत होता. तो माझ्या डाव्या बाजूनं चालायला लागला, बाहीला बाही लागत होती... मी पायऱ्यांकडे बघत, आतल्या आत फुलून चालत राहिले. किती लाजतो हा, एक शब्द बोलत नाही, असं मनात म्हणत होते. वर पोचल्यावर हसून मान वर केली, तर त्याचा चेहरा पार उतरलेला. ढांगा टाकत निघूनच गेला.

दुसऱ्या दिवसापासून ट्रॉली यायची, ठेवली जायची, आणि तो पाठ फिरवायचा. ना गाल, ना भुवई. मी काय केलं होतं? केस नीट विंचरून यायचे, आणि ते बघायला खिडकीशी कुणी नाही.

अशात एका सकाळी मी कॉरिडॉरमधून चालले होते, आणि कुणीतरी मला दंडाला धरून खस्सकन ओढलं. मी क्षणापूर्वी होते तिथून ऑक्सिजनच्या सिलिंडरांची गाडी घरंगळत गेली. ओढणारा तोच होता, पांढराफटक पडलेला. माझ्याकडे, नव्हे, माझ्या डाव्या कानाकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला. मी काही विचारायच्या आत गेला.

आणि दोन दिवसांत मोठ्या सिस्टरांचं बोलावणं आलं.

"कान पुन्हा तपासायचे," त्या म्हणाल्या. "या वेळी भिंतीकडे तोंड करून बसायचं."

व्हायचं तेच झालं. उजवा बरा, डावा बराच गेलेला. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी भांडारात चादरींच्या घड्या घालत होते. कुणी चुगली केली, हे निघताना विचारलं तेव्हा मावशींनी नजर चुकवली. "तुझ्या ताडमाडानंच गं."

तो आलाच, दुपारी. दारातून वाकून आत. मी घडी टाकली आणि तोंडाचा पट्टा सोडला. "लाज नाही वाटत? माझं इथे काय आहे? कुणाच्या वाटेकडे बघायचं मी – या चादरींच्या? एवढा कंटाळा आला होता माझा तर तसं सांगायचंस! मला घालवून द्यायची काय गरज होती?"

तो माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला.

"त्या दिवशी जिन्यात मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला.

हा त्याचा आवाज! जरा घोगरा, शब्दांच्या शेवटी विरणारा... मी भांडणच विसरले.

"काय विचारलं होतंस?"

"माझ्याशी लग्न करशील का, असं. तू वर बघितलंसही नाहीस, चालत राहिलीस. मला वाटलं, नकार आहे. मग त्या दिवशी ती गाडी आली. मी घसा फोडून तुला हाका मारल्या, तू वळलीच नाहीस... म्हणजे जिन्यातही तुला ऐकूच आलं नव्हतं. नकार नव्हता हे कळलं, आणि आनंदही होईना. तुझं ऐकणंच जात होतं. पुन्हा विचारावं, की आधी तुला तिथून काढावं? सिस्टरांकडे गेलो. तू चिडणार हे माहीत होतं."

मी चादर तोंडाशी धरली. रडू यायला लागलं, आणि रागही जाईना.

"आणि तुझं काय?" मी म्हटलं. "वर हाडं कापायची करवत, ठोकायचे हातोडे. तुझ्या कानांत काय कापूस आहे? तू तपासणीला बाईंच्या कोपराकडेच बघतोस ना?"

त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे बघतोस! आधी भिंतीकडे तोंड करून बस. मग उत्तर देते."

"त्यांनी मला हलवलं तर? आवाज नसलेलं थिएटर एकच, डोळ्यांचं, आणि ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत आहे. मग दिवसभर तू दिसणारही नाहीस."

"नको दिसूस," मी म्हटलं. बोलताना जिवाचं पाणी पाणी झालं माझ्या. खिडकीतून दिसायचा तेवढाही आता हा दिसणार नव्हता.

तपासणीच्या दिवशी मी काचेबाहेर उभी होते. आत त्याची पाठ, हातात बटण. बाईंचं कोपर हलायचं आणि त्याचा अंगठा कधी हलायचा, कधी नाही. नाही हलला की माझाच अंगठा काचेवर दाबला जायचा. दाब रे, दाब ना... पण तो खोटं दाबणार नव्हता, आणि मलाही ते नकोच होतं.

"थोडं उतरलंय," बाहेर येऊन बाई म्हणाल्या. "पण पुष्कळ शाबूत आहे. हाडांच्या थिएटरला मात्र रामराम."

म्हणजे सोमवारपासून तो गावाच्या दुसऱ्या टोकाला. तो बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला. काहीतरी बोलणार होता, पण मीच आधी बोलले. ओरडायची सवय गिळून, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हटलं – "हो."

त्याला ऐकू आलं. कुणाची पर्वा न करता त्यानं माझे हात हातांत घेतले, आणि मी त्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत रडले.