ऑल्डन फिच घरी नाहीत

ड्वेन हॉवलंडचा एक नियम होता. कुठंही जायचं ठरलं की परतायची वेळ आधी लिहायची, निघायची नंतर. "परत कधी ते ठरलेलं नसेल तर त्याला सहल नाही म्हणत, बिऱ्हाड हलवणं म्हणतात," असं म्हणायचा आणि आपल्याच विनोदावर खो खो हसायचा.

मार्चमधल्या त्या मंगळवारी तो स्वयंपाकघरात पेट्रोल पंपावरचा फुकटचा नकाशा पसरून बसला होता. डिमॉइनच्या घरापासून ओमाहा एकशे पस्तीस मैल. त्या वर्षी पेट्रोलची टंचाई म्हणून सरकारनं वेग पंचावन्नावर आणून ठेवलेला, तेव्हा जायला अडीच तास धरायचे. ओमाहाला त्याच्या बायकोची, मार्लिसची, मावशी घर सोडून वृद्धाश्रमात निघाली होती. तिचा पियानो उद्याच्या उद्या नेला नाही तर भंगारात जाणार होता. आणि हॉवलंडांची सात वर्षांची टॅमी वर्षभर जेवणाच्या टेबलाच्या कडेवर बोटं आपटून नसलेला पियानो बडवत होती. ड्वेननं कारखान्यातल्या एकाची पिकअप मागून आणली, दोर आणि जुनी ब्लँकेटं गोळा केली.

टॅमीला मात्र नेता येणार नव्हतं. कांजिण्यांनी पोर लालेलाल झाली होती. ती घरी राहणार, सोबतीला ड्वेनचे वडील एमिल. म्हातारा कानानं अधू, पण डोळे तेज, आणि बैठकीच्या खोलीत दारासमोरच्या खुर्चीत दिवसभर बसून असायचा.

ड्वेननं कार्बन घालून बेत लिहिला. परत, चार वाजता. मग निघणे सात, वाटेतलं अडेर गाव आठ, ओमाहा साडेनऊ, ओमाहाहून निघणे एक. खालची प्रत त्यानं फ्रिजवर लोहचुंबकानं चिकटवली आणि टॅमीच्या हातात लाल खडू दिला.

"फोन आला की तिथं खूण करायची. आणि फोन कोणासाठी येणार?"

"मिस्टर फिच!" टॅमी ओरडली.

"मग तू काय सांगायचं?"

"ते घरी नाहीत!"

त्या काळी ट्रंक कॉल म्हणजे खिशाला चाट. पण त्यात एक पळवाट होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. ऑपरेटरला सांगायचं, मला अमक्या माणसाशीच बोलायचंय. तो माणूस घरात नसला तर एक पैसा पडायचा नाही. म्हणून घराघरानं आपापला एक नसलेला माणूस पाळला होता. हॉवलंडांचा ऑल्डन फिच. त्याचं नाव ऐकलं की घरच्यांना कळायचं, सुखरूप पोहोचले. "ते घरी नाहीत" ऐकलं की बाहेरच्यांना कळायचं, घरी सगळं ठीक.

नऊ वर्षं हे चाललं होतं, आणि नऊ वर्षांत थट्टेथट्टेत फिचच्या अंगावर मांस चढलं होतं. ड्वेननं त्याला धंदा दिला, गावोगाव फिरून बूट विकायचा. एमिलनं त्याला डावा पाय ओढत चालायला लावलं. लोकांना बूट विकणाऱ्याला स्वतःचेच चावतात, असं म्हणून म्हातारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता. टॅमीनं त्याच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्या घातल्या. एका रविवारी मार्लिस भांडी विसळता विसळता सहज बोलून गेली, "बिचाऱ्याला मूलबाळ नाही." त्यावर मात्र कोणी हसलं नव्हतं.

सकाळी सातला निघाले तेव्हा बारीक पाऊस होता. एमिल दारात येऊन म्हणाला, "हरणं सांभाळा रस्त्यावर." टॅमी खिडकीतून हात हलवत राहिली, गाडी वळेपर्यंत. दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली रानं, नुसते धसकटांचे खुंट. अडेरला ड्वेननं पंपावरून फोन लावला. दोघांनी रिसीव्हरला कान लावले.

"ते घरी नाहीत," टॅमी म्हणाली आणि फिसकन हसली.

ओमाहाला पोहोचले ते बरोबर साडेनऊला. ड्वेन खूश. मावशीचा फोन आधीच तोडलेला, म्हणून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून त्यानं कॉल मागितला.

"मिस्टर ऑल्डन फिच आहेत का?" ऑपरेटर बाईनं विचारलं.

"ते अजून आले नाहीत," टॅमीचा आवाज आला.

"कधी येतील?" बाईनं रीतीप्रमाणे विचारलं.

"एक वाजता. त्यांचा पाय दुखतोय ना, म्हणून हळूहळू येतायत."

"एक वाजता पुन्हा लावू का, सर?"

"लावा, लावा," ड्वेन हसू दाबत म्हणाला आणि फोन ठेवला. "बघितलंस? कारटी नाटकात जाणार."

मार्लिस हसली नाही. तिनं पाकिटातून नाणी काढली. "सरळ फोन कर. मला तिच्याशी बोलायचंय."

"अगं, खेळतेय ती."

"तिला 'अजून' म्हणायला कोणी शिकवलं? तू शिकवलंस?"

"तुझीच मुलगी. तुमच्या घराण्यात कोणाच्या तोंडाला लगाम आहे? एक वाजता फोन करायचाच आहे की. साडेतीन तासांत काय आभाळ कोसळतंय?"

 मार्लिसनं नाणी परत पाकिटात टाकली. पाकीट मिटल्याचा तो बारीकसा टिक् आवाज ड्वेनला पुढं रात्रंदिवस ऐकू यायचा.

पियानो छोटाच होता, पण जिन्यावरून उतरवताना मावशीच्या शेजाऱ्यांसकट चौघांचा घाम निघाला. ड्वेननं झाकण उघडून एका बोटानं सगळ्या पट्ट्या वाजवून बघितल्या. मधली एक पट्टी मुकी होती, दाबली की नुसतीच खाली जायची. "दुरुस्त करून घेऊ," तो म्हणाला. एक वाजता पियानो फूटपाथवर ब्लँकेट पांघरून उभा होता, फक्त गाडीत चढवायचा राहिला होता. पाऊस आता जमिनीवर पडला की गोठत होता.

दोघं दुकानात गेले. पलीकडं घंटी चार वेळा वाजली. पाचव्यांदा वाजता वाजता कोणीतरी रिसीव्हर उचलला.

"मिस्टर ऑल्डन फिच यांच्यासाठी ट्रंक कॉल," ऑपरेटर म्हणाली.

"बोलतोय."

पुरुषाचा आवाज. मऊ, सावकाश. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा.

"बोला, सर," ऑपरेटर म्हणाली.

ड्वेननं रिसीव्हर घट्ट धरला. "कोण… डॅड?"

"किती वर्षं फोन करतोयस, ड्वेन," आवाज म्हणाला. "दर वेळी मी नसायचो. फार वाईट वाटायचं रे."

"टॅमी कुठंय?"

"इथंच. बूट घालतेय."

"कसले बूट? कोण आहेस तू? तिला फोन दे… तिला फोन दे आधी!"

"मापाचे आहेत," आवाज म्हणाला. "नीट बसले की निघतो."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मार्लिसनं सगळं ऐकलं होतं. तिनं पाकीट काउंटरवर उलटं केलं, हाताला येतील ती नाणी फोनमध्ये कोंबली आणि घराशेजारच्या बर्निस कोलारचा नंबर फिरवला. बर्निस चपला न घालताच पळाली असावी. सहा मिनिटांत ती परत फोनवर आली, धापा टाकत.

"एमिल खुर्चीत बसलाय. जागा आहे. म्हणतो कोणी आलं नाही. पण मार्लिस… टॅमी घरात नाही गं. वर बघितलं, तळघरात बघितलं. तिचा कोट खुंटीला आहे."

"आणि बूट?"

"आहेत. तिचे सगळे बूट-चपला दाराशी आहेत."

पियानो तिथंच फूटपाथवर राहिला. काचेसारख्या झालेल्या रस्त्यावरून ड्वेननं गाडी हाणली, दोनदा खड्ड्यात जाता जाता वाचली. अडीच तासांच्या रस्त्याला पाच तास लागले. त्या पाच तासांत मार्लिस एकदाच बोलली. "मूलबाळ नाही, असं मीच म्हणाले होते," ती म्हणाली.

घरासमोर पोलिसांच्या तीन गाड्या होत्या. एमिल रडत होता आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. दार उघडलं नाही, कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही, मी डोळा मिटला नाही. "फक्त पेपरमिंटचा वास येत होता," तो म्हणाला. "मला वाटलं, पोरगी खातेय."

फ्रिजवर बेत तसाच होता. अडेरवर लाल खूण, ओमाहावर लाल खूण, एक वाजताच्या फोनवरही लाल खूण. त्याखाली टॅमीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. "मी आणि मिस्टर फिच. निघणे, सव्वा एक." त्याखाली "परत," आणि पुढं मोकळं. पोरीनं बापाचा नियम पाळायला बघितलं होतं. तिथं तिनं काहीतरी लिहिलं होतं, आणि ते रबरानं इतकं घासलं होतं की कागदाला भोक पडलं होतं.

पोलिसांनी तळी गाळली, शेतं पालथी घातली. एमिल मे महिन्यात वारला. पियानोची आठवण व्हायलाही तीन आठवडे लागले. मावशीचे शेजारी म्हणाले, त्याच संध्याकाळी फूटपाथ रिकामा होता, आम्हाला वाटलं तुम्हीच नेलात.

नोव्हेंबरमध्ये, एका शनिवारी भर दुपारी, फोन वाजला. मार्लिसनं उचलला.

"मिस्टर ऑल्डन फिच यांच्यासाठी ट्रंक कॉल आहे," ऑपरेटर म्हणाली.

मार्लिसनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "कोण… कोण बोलतंय तिकडून?"

"लहान मुलगी आहे, मॅडम."

"मी तिची आई आहे! मला द्या. पैसे मी भरते, काय लागतील ते भरते. मला द्या हो!"

"ज्यांच्या नावानं कॉल आहे त्यांनाच जोडता येतो, मॅडम. मिस्टर फिच आहेत का?"

ड्वेननं तिच्या हातातून फोन घेतला.  "मीच," तो म्हणाला. "मीच फिच बोलतोय."

"बोला, सर."

दोघांनी रिसीव्हरला कान लावले. आधी नुसती खरखर. मग अगदी हळू, चर्चमध्ये कुजबुजावं तसा, टॅमीचा आवाज आला. "डॅडी, खोटं नको ना बोलूस. ते इथं आहेत. माझ्या शेजारी."

"राणी… कुठं आहेस तू?"

"पोहोचले ना मी. म्हणून तर फोन केला." ती थांबली. तिच्या कानाशी कोणीतरी काही सांगत होतं. "ते विचारतायत, मम्मी घरी आहे का?"

 "नाही," ड्वेन घाईनं म्हणाला. "ती घरी नाही."

मार्लिसनं रिसीव्हर हिसकावला. "आहे! टॅमी, मी घरी आहे गं! इथंच आहे मी!"

तिकडं फोन ठेवला गेला होता.

सोमवारी सकाळी पायरीवर पुठ्ठ्याचा खोका होता. आत तपकिरी रंगाचे बायकी बूट, मार्लिसच्या मापाचे. ड्वेननं ते मागच्या अंगणात पिंपात जाळले, राख होईपर्यंत उभा राहिला. घरात आला तेव्हा मार्लिस खिडकीशी होती.

"जाळलेस?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच ड्वेनला जास्त भीती वाटली. तीन दिवस तो कामावर गेला नाही. चौथ्या दिवशी तिनंच त्याला डबा भरून दिला. दर सुट्टीत तो कँटीनमधून घरी फोन करत होता. दोनच्या सुट्टीत कोणी उचलला नाही, तसा तो घरी धावला.

दाराशी तिच्या बुटांचे तिन्ही जोड ओळीनं लावलेले होते. कोट खुंटीला होता. घरभर पेपरमिंटचा वास होता. फ्रिजवर नवा कागद होता, मार्लिसच्या सुबक अक्षरात. "निघणे, एक." आणि "परत." तिथं पुन्हा भोक होतं, पण तिनं पेन्सिल दाबून लिहिलं होतं, त्यामुळं कागद खिडकीशी धरल्यावर भोकाच्या कडेनं थोडं वाचता येत होतं. "पाच वाजता, टॅमीला घेऊन."

ड्वेन फोनजवळ बसला. पाच वाजले. दारावर कोणी आलं नाही. वीस मिनिटांनी फोन वाजला.

"मिस्टर ऑल्डन फिच यांच्यासाठी ट्रंक कॉल," ऑपरेटर म्हणाली. तिच्या आवाजामागं, लांब कुठंतरी, कोणी एका बोटानं पियानो वाजवत होतं. सूर चढत जायचे, मधे एका ठिकाणी नुसतीच शांतता, मग पुढचा सूर. परत पहिल्यापासून. परत त्याच ठिकाणी शांतता.

"सर? मिस्टर फिच आहेत का?"

पोहोचल्या दोघी. त्या फोनचा अर्थ तेवढाच होता, आणि तो अर्थ त्यानंच ठरवला होता. ड्वेन म्हणाला, "नाहीत. ते घरी नाहीत."

पियानो थांबला.

"एक मिनिट हं, सर," ऑपरेटर म्हणाली. "तिकडून विचारतायत, तुम्हाला कितव्या नंबरचे बूट लागतात?"