जमीन हलू नये म्हणून

"हलू नका! आहात तिथेच थांबा!"

चिमणीचा उचललेला पाय चपलेसकट तसाच हवेत राहिला. गव्हाचा दाणा कितपत वाळलाय ते बघायला ती बांधावर आली होती. दातांखाली धरलेला दाणा तिने चावलासुद्धा नाही. दहा पावलांवर एक तरुण जमिनीवर पालथा पडला होता आणि त्याच्या नाकासमोर एक करडा डबा मातीत रोवलेला होता.

"साप आहे का?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"नाही."

"मग?"

"तुमची पावलं," तो म्हणाला. "मघापासून या डब्यावरची रेघ कशी सरळ चालली होती. तुम्ही आलात आणि उड्या मारायला लागली."

एका पायावर उभं राहून माणूस रागावणार तरी किती? चिमणीने पाय टेकवला, तोही चोरासारखा, अगदी हळू... आणि मग तिच्या लक्षात आलं. ज्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही असं मामांनी बजावलं होतं, तो थरथरवाला हाच!

त्याचं असं झालं होतं. तासाभरावरच्या शहरात संगणकवाल्या कंपन्यांची एवढी दाटी झाली होती की पाय ठेवायला जागा उरली नव्हती. त्यातल्या एका कंपनीला नवा कारखाना काढायचा होता. तिथली यंत्रं केसाहून बारीक काम करणारी, जमीन जरा हलली की बिघडणारी. शेतकी सोसायटीचे चेअरमन म्हणजे चिमणीचे सख्खे मामा. दोन वर्षं चपला झिजवून त्यांनी या कंपनीला इकडे वळवलं होतं. आता कंपनीचा माणूस तीन दिवस जमिनीची थरथर मोजणार आणि मग वरचे लोक ठरवणार. तेव्हा मामांनी डोकं लढवलं. तीन दिवस एकही ट्रॅक्टर, एकही हार्वेस्टर, एकही पंप सुरू करायचा नाही. तेही ऐन कापणीत! गहू वाळून कडकडीत झालेला, आणि चाळीस घरांची यंत्रं शेडमध्ये बंद.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मामा म्हणाले होते. "त्याच्याजवळ कुणी काही बोललं, तर माझ्याशी गाठ आहे."

सगळे मुकाट राहिले, कारण प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी त्या शहरात राबत होतं. चिमणीचा दादा तिथे चौघांत एक खोली करून राहायचा. आई रोज फोनवर एकच विचारायची, 'कधी येतोस?' कारखाना इथे आला की दादा घरी येणार होता. तो गेल्यापासून घरचा हार्वेस्टर चिमणीच चालवायची. लोक चिडवायचे, नाव चिमणी आणि हाकते हत्ती.

"तुम्ही काय करता?" थरथरवाल्याने उठून बसत विचारलं.

"मी? मी... घरीच असते."

त्याची नजर तिच्या बोटांकडे गेली. नखांत ग्रीस काळंकुट्ट बसलं होतं. तिने चटकन हात पाठीमागे घेतले.

"घरी बरंच काम असतं वाटतं," तो म्हणाला, आणि हसला. मेला हसला तेही छानच.

दुसऱ्या दिवशी ती जाणारच नव्हती. फक्त दाणा बघायला गेली, एवढंच. आता हातात चहाचा थर्मास कशाला होता, ते विचारू नका.

"चपला काढून या," तो लांबूनच म्हणाला. "आणि टाचा टेकवू नका."

"श्वास घेतलेला चालेल ना?"

"बेताने घ्या."

"फारच नाजूक बाई तुमचा डबा!"

"कंपनीचा आहे तो. मी असा नाजूक नाही." त्याच्या गालाला माती लागली होती. सांगावं असं तिला वाटलं... पण सांगितलं तर तो पुसून टाकेल, म्हणून ती गप्प बसली.

चहा घेता घेता त्याने विचारलं, "हे गवत कधी कापतात हो?"

"गवत? अहो, गहू आहे तो!"

"असेल. मी आपला पिशवीतलं पीठ ओळखणारा माणूस." तो ओशाळला. "कापायला अवकाश असेल ना अजून?"

चिमणीने थर्मासचं झाकण लावलं. "असेल... थोडा."

"आजवर आठ जागा मोजल्या मी. कुठे रेल्वे, कुठे खाण. इतकी शांत जमीन पाहिली नाही." तो तिच्याकडे बघत बोलत होता, जमिनीकडे नाही. "मी फार घाबरट आहे. अहवालाखाली माझी सही असते ना! उद्या यंत्रं बिघडली, तर पहिलं बोट माझ्याकडे. पण इथे मी डोळे मिटून सही करीन."

चिमणीने कप खाली ठेवला. पुढच्या कापणीला चाळीस यंत्रं एकदम धडधडली की काय होईल ते तिला लख्ख दिसलं. कारखाना बंद पडेल, आणि या भल्या माणसाची नोकरी जाईल. मग खरं सांगून टाकावं का? सांगितलं तर कंपनी नको म्हणेल, दादा तिकडेच राहील, सगळ्यांच्या तोंडचा घास जाईल... आणि हा डबा उचलून पुढची जागा शोधायला निघून जाईल. इकडे आड, तिकडे विहीर!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे सुटकेचा निःश्वास टाकणार, एवढ्यात थरथरवाल्याने मामांना निरोप दिला. अजून दोन दिवस मोजायचं आहे.

मामांचा चेहरा उतरला. "त्याला वास लागला," ते सोसायटीच्या कचेरीत दार लावून म्हणाले. "चिमणे, तू काही बोललीस?"

"नाही, मामा."

"थर्मास घेऊन कुठे जातेस मग?"

"मामा, त्याला सरळ विचारूया का? जमीन जास्त हलली तर काय करतात म्हणून?"

"म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा!" मामा खेकसले. "आणि विचारणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा तू बांधतेस?"

तिची छाती झाली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आभाळ एका बाजूने काळवंडलं. फोनवर इशारा आला, दुपारनंतर गारा. शेडसमोर शेतकरी जमले. सगळे मामांकडे बघत होते, आणि मामा स्वतःच्या चपलांकडे. उभा गहू गारांत सापडला तर वर्ष मातीत जाणार, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक होतं.

चिमणी तिथून निघाली ती थेट बांधावर. चपला काढल्या नाहीत, टाचाही उचलल्या नाहीत. डबा बोंबलला तर बोंबलू दे!

"अहो, हळू!" तो हसतच उठला. तिचा चेहरा पाहिला आणि हसू मावळलं. "काय झालं?"

"गहू पिकलाय," ती म्हणाली. "कधीचाच पिकलाय. तुम्ही याल म्हणून आम्ही सगळी यंत्रं बंद ठेवली. ही जमीन शांत नाही... कापणीत धडधडते नुसती. आणि मी घरी नसते. मी हार्वेस्टर चालवते."

तो मटकन खाली बसला. "म्हणजे चार दिवसांचे आकडे खोटे."

"हो."

"आणि मी सही करणार होतो."

"म्हणून तर सांगतेय ना!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता कंपनी नाही म्हणेल, आणि तुम्ही जाल."

"जमीन हलते म्हणून कुणी नाही म्हणत नाही हो. किती हलते ते कळलं की तेवढा पाया खोल घालतात. खर्च वाढतो, मग वरचे लोक डोकं खाजवतात."

"येतील मग?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही." तो मान खाली घालून म्हणाला, "मलाही एक सांगायचंय. मोजणी... तीन दिवसांतच झाली होती. वरचे दोन दिवस मी मागून घेतले. तुम्ही थर्मास घेऊन यायचात म्हणून."

चिमणीच्या पोटात आधी गुदगुल्या झाल्या आणि मग आगच पेटली. "तुमच्या चहापायी चाळीस घरांचा गहू उभा राहिला? काल रात्रीच कापायला लागलो असतो आम्ही!"

"मला वाटलं गवत आहे..."

"गवत!"

ती पळत सुटली. शेडच्या दारात मामा आडवे आले. "मी सांगितलं त्याला, मामा. सगळं," ती म्हणाली. मामांनी हात उगारला, आभाळाकडे पाहिलं, आणि तो हात खाली घेऊन बाजूला झाले. तिच्या हार्वेस्टरचा आवाज झाला तशी एकेक करून सगळी यंत्रं बाहेर पडली. चार दिवस मुकी पडलेली जमीन गदगदा हलू लागली.

दुसऱ्या फेरीला थरथरवाला बांधावरून हात करताना दिसला. डबा उराशी धरलेला, चेहरा पांढराफटक. तिने यंत्र थांबवलं. तो धडपडत केबिनमध्ये चढला आणि बाजूच्या अरुंद सीटवर टेकला.

"पोती भरायला पाठवलं तुमच्या मामांनी," तो ओरडून म्हणाला. "दोन पोती सांडली. मग हाकललं."

तिला हसू फुटलं, पण आभाळ निम्मं काळं झालं होतं. हसू अर्ध्यावरच विरलं.

"आता खरं मोजायचं तर कापणीत, पेरणीत, पावसात... वर्षभर इथे राहावं लागेल."

"हे खरं, की त्या दोन दिवसांसारखं?"

"ऑफिसला फोन करून विचारा."

चिमणीने स्टिअरिंग घट्ट धरलं. इतकी भीती तिला मामांचीही वाटली नव्हती. आता नाही बोललं तर पुन्हा कधी धीर होणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं.

"तुम्ही मला आवडता," ती समोर गव्हाकडे बघत म्हणाली. "कंपनी येवो, न येवो. बोलले बाई एकदाची... आता तुमचं काय ते सांगा. पण लवकर सांगा, गारा येतायत."

त्याने डबा पायांशी ठेवला. तिच्या ग्रीस लागलेल्या बोटांवर त्याचा हात आला, आणि तोही चांगलाच थरथरत होता.

"कंपनी नाही म्हणाली," तो म्हणाला, "तर डबा तेवढा परत पाठवीन."

दूर गडगडलं. चिमणीने गिअर टाकला. अजून निम्मं शेत उभं होतं.