उधार राहिलेली नाईट

सन २०२४. जानेवारीची तेरा तारीख, शनिवार. संक्रांतीला दोन दिवस होते आणि भिलाईत हाडं गोठतील अशी थंडी पडली होती.

मोनू, मोबाईल उलटा ठेव. रीना, शेगडीपासून लांब बस, ओढणी पेटेल. सांगतो ते खरं आहे. ज्याच्यावर गुजरलं तो धोंडबा रोलिंग मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं माझ्या शेजारी उभा राहिला. त्याला खोटं बोलायला कधी जमलं नाही. मलाही जमत नाही. मधे कोणी विचारू नका.

त्या संध्याकाळी साडेसहाला धोंडबा खुर्सीपारहून सायकलवर निघाला. काम साधं होतं. त्याचा दोस्त देवाजी वारून आठ आठवडे झाले होते. देवाजीची बायको शेवंता, तिला नवऱ्याच्या तीन वस्तू हव्या होत्या. घोंगडी, थर्मास आणि शिट्टी. तो राखण करायचा त्या टेकाडाजवळच्या चौकीत पडल्या होत्या आणि आणायला कोणी तयार नव्हतं.

“कावून नाई जात कोणी?” धोंडबाने विचारलं होतं.

“लोक म्हणतात, तिथं रात्री शिट्टी वाजते.”

“वारा असन, वहिनी.”

“वारा दोनदा आखूड अन् एकदा लांब वाजवते का, भाऊ?”

ती खूण धोंडबाला माहीत होती. मिलमध्ये लालबुंद लोखंड पुढे सुटलं की देवाजी तशीच शिट्टी द्यायचा. दोन आखूड, एक लांब. बाजूला व्हा, माल येतो.

तरी तो निघाला. भूतखेत तो मानत नव्हता. त्याच्या बापाने छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली होती. त्या घरात अंगारा, लिंबू, ताईत कधी शिरला नाही.

आता टेकाडाचं सांगतो. कोहका ओलांडून बरंच पुढे गेलं की ते लागतं. गावाचं नाव विचारू नका. वरून मातीचा ढीग दिसतो. आत विटा आहेत, तेराशे वर्षांच्या. एका पावसाळ्यात माती वाहून गेली आणि बसलेल्या बुद्धाची दगडी मूर्ती वर आली. मग सरकारी निळी पाटी लागली. ही देशाची ठेव आहे, हात लावाल तर गुन्हा. शाळेची पोरं सहलीला येऊ लागली. देवाजी रिटायर झाल्यावर तिथे रात्रीचा चौकीदार लागला. पगार नावाला. पण तो म्हणायचा, “तीस वर्षं देशाचे रूळ बनवले. आता देशाची वीट सांभाळतो.”

एक वीट तो सगळ्यांना दाखवायचा. ओली असताना कोणीतरी तिच्यावर तीन बोटं ओढली होती. देवाजीची बोटं त्या खाचांत बरोबर बसायची. “पाह्य,” म्हणायचा, “हा आपलाच कोणी. नाव नाई राहिलं त्याचं. बोटं राहिली.”

आणि आता उधारीचं. आमच्या गँगमध्ये एक रीत होती. कोणाच्या बदल्यात कोणी नाईट केली, तर ती नाईट उधार. उधार घेणाऱ्याने आपलं जुनं पितळी हजेरीचं टोकन समोरच्याच्या हातावर ठेवायचं. नाईट फेडली की टोकन परत. ९६ साली धोंडबाची बायको अडली. देवाजी नुकताच आठ तास भट्टीपुढे उभा राहून सुटला होता. तो म्हणाला, “तू जाय. मी आहो.” आणि रात्र काढली. पहाटे धोंडबाला मुलगी झाली, संघमित्रा. टोकन देवाजीकडे गेलं. नंबर ४१७.

त्यानंतर धोंडबा दर वर्षी म्हणायचा, नाईट घे लेका. देवाजी हसायचा. “राहू दे. म्हातारपणी वसूल करीन.”

आयुष्यात एकदाच त्याने मागितली. आदल्या वर्षी, एकोणीस नोव्हेंबरला. वर्ल्ड कपची फायनल होती. दुपारी देवाजीचा फोन आला. “छातीत भरून आलं बे. आजची रात्र तू बसशीन का?” धोंडबा म्हणाला, “आज मॅच आहे. उद्यापासून बसतो ना, बाप्पा.” भारत हरला. धोंडबा चिडून, न जेवता झोपला.

सकाळी शेळ्या चारणाऱ्याला देवाजी चौकीच्या दारात बसलेला सापडला. हातात शिट्टी. अंग गार.

चितेवर शेवंताने त्याच्या शर्टाच्या खिशात ते टोकन ठेवलं. सगळ्यांनी पाहिलं. धोंडबाने पाहिलं. मीही पाहिलं.

तर असा तो सायकलवर चालला होता.

साडेसातला तो टेकाडाजवळ पोचला. धुकं उतरलं होतं. चौकीचं दार नुसतं लोटलेलं. आत बाज, तिच्यावर घोंगडी, कोपऱ्यात थर्मास. शिट्टी कोणीतरी खिळ्याला टांगून ठेवलेली. त्याने ती खिशात टाकली, थर्मास पिशवीत घातला, घोंगडी खांद्यावर घेतली आणि बाहेर आला. दहा मिनिटांचं काम. परत निघायचं.

तेवढ्यात बॅटरीचा उजेड टेकाडाच्या मागच्या अंगावर पडला.

टेकाड कापलं होतं. ताजं. बैलगाडी उभी राहील एवढा घास घेतला होता. खाली टायरांचे वळ. विटांचा चुरा. तीन बोटांची वीट मधोमध फुटून पडली होती.

धोंडबाने तिचे दोन्ही तुकडे उचलून चौकीत नेले. बाजेखाली ठेवले. मग शेवंताला फोन लावला.

“वहिनी, मले उशीर होईन.”

“काय झालं?”

“मातीचोर आहेत, आजही येतीन. माणसं आहेत, भुतं नाई.”

नऊ चाळीसला डंपर आला. मागे एक लोडर. डंपरमधून लाल जॅकेट घातलेला एक माणूस उतरला. कोणाच्या तरी प्लॉटात भराव टाकायचा होता आणि इथली माती फुकट होती. धोंडबा पाटीसमोर उभा राहिला.

“ए बुढऊ, हट. घर जाके रजाई ओढ.”

“हे टेकाड उकरू नाई देणार.”

“मराठी है क्या? तो महाराष्ट्र जा ना! ये टीला तेरे बाप का है?”

“हो,” धोंडबा म्हणाला. “माझ्या बापाचं आहे. तुझ्याही बापाचं आहे. तुले ठाऊक नाई, एवढंच.”

लाल जॅकेटवाला हसला. पण लोडरचा ड्रायव्हर उतरेना. खिडकीतून म्हणाला, “भैया, मैं पहले ही बोला था। पिछली बार सीटी बजी थी यहाँ।” दोघांची बोलाचाली झाली. शेवटी लाल जॅकेटवाल्याने धोंडबाकडे बोट केलं. “तीन बजे आऊँगा। तब देखता हूँ कौन बचाता है तेरा टीला।”

गाड्या गेल्या. धोंडबाने डंपरचा नंबर खडूच्या तुकड्याने चौकीच्या दारामागे लिहिला. तोच नंबर सोमवारी तक्रारीच्या अर्जावर गेला, आणि म्हणून ते टेकाड आज तारेच्या कुंपणात शाबूत उभं आहे. पण ते नंतरचं.

त्याने घड्याळ पाहिलं. दहा वाजत होते. नाईट सुरू व्हायची वेळ.

तुम्हाला प्लांटची रीत माहीत नाही. बदली माणूस समोर येऊन ‘मी आलो’ म्हणत नाही, तोवर आधीचा माणूस जागा सोडत नाही. बायको मरो, घर जळो. गरम लोखंड कोणाची वाट पाहत नसतं. आणि एकदा ‘मी आलो’ म्हटलं की ती जागा तुमची. मग तुम्हालाही कोणी सोडवायला यावं लागतं.

देवाजीला त्या सकाळी सोडवायला कोणी आलं नव्हतं.

धोंडबाने विचार केला नाही. सवयीने तोंडातून निघालं. अंधाराकडे पाहून तो मोठ्याने म्हणाला,

“देवाजी, सुट आता. मी आलो.”

म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं. आपल्याला कोण सोडवणार?

वारा पडला. कुत्री गप्प झाली. दूर प्लांटच्या अंगाला लोखंडाची वितळलेली मळी ओतली गेली आणि आभाळ क्षणभर तांबडं झालं. त्या उजेडात टेकाड दिसलं. टेकाडावर कोणी नव्हतं.

परत अंधार.

अकरा. बारा. दर तासाला त्याने चौकीतली काठी घेऊन टेकाडाला फेरी मारली. एकची फेरी मारताना वाटलं, मागे कोणीतरी चालतंय. तो थांबला. पावलं थांबली. एक पाऊल उशिरा.

त्याने मागे पाहिलं नाही.

“चाल,” तो म्हणाला. “फेरी पुरी करू.”

दोन वाजले. धुकं एवढं दाट झालं की हातातली काठी दिसेना.

तीन वाजून दहा मिनिटांनी गाड्या आल्या. दिवे बंद. या वेळी ड्रायव्हर दुसरा होता. पाच-सहा जण उतरले. हातांत सळया.

धोंडबा पाटीसमोर गेला. त्याने घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. थंडीने, असं तो सांगतो. मी त्याचं ऐकून घेतो.

“आधी मले उकरा,” तो म्हणाला. “मग टेकाड.”

लाल जॅकेटवाल्याने सळई उचलली.

आणि शिट्टी वाजली.

दोन आखूड. एक लांब.

टेकाडाच्या मागून.

धोंडबाचा हात खिशात गेला. शिट्टी खिशातच होती. त्याने ती मुठीत घट्ट धरली. गार, लोखंडी…

परत वाजली. आता जवळ.

लोडर सुरू होता. बंद पडला. ड्रायव्हरने चावी फिरवली. पुन्हा फिरवली. काही नाही.

धुक्यातून एक उजेड आला. बॅटरीचा. कमरेएवढ्या उंचीवर. सावकाश. चौकीदार फेरी मारतो तसा. डावीकडे… उजवीकडे… डावीकडे…

उजेडामागे माणूस नव्हता.

सळई पडल्याचा आवाज झाला. मग धावणारे पाय. डंपर मागे मागे जात रस्त्याला लागला. लोडर तिथेच राहिला. दार उघडं.

उजेड धोंडबापर्यंत आला. त्याच्या चपलांवर थांबला. वर आला. छातीवर. तोंडावर.

विझला.

चौकीत बाज करकरली. कोणी बसावं तशी.

धोंडबा दारात उभा राहिला. चौकीकडे पाठ करून. आत वळून बघायची हिंमत नव्हती, असं तुम्ही म्हणाल. तो म्हणतो, ड्युटीवर तोंड बाहेर असतं.

“भूत मी मानत नाई,” तो म्हणाला. “तुले मानतो. बस.”

आत शांत.

“सहापर्यंत नाईट माझी आहे. तू आराम कर.”

शांत.

“त्या दिवशी… मी मॅच पाहत होतो बे.”

…

“हरले आपण.”

आत कोणी श्वास सोडला. लांब. किंवा वारा असेल. वारा नव्हता.

चार वाजले. पाच वाजले. धोंडबा हलला नाही. खांद्यावरची घोंगडी दवाने भिजून जड झाली. पूर्वेला उजाडू लागलं तेव्हा वाटेवर कोणी दिसलं. अंगावर शाल, हातात चहाची किटली. शेवंता होती. रात्रभर झोपली नव्हती. पहिला ऑटो धरून फाट्यापर्यंत आली होती आणि तिथून चालत.

सहा वाजायला मिनिटभर होतं.

“भाऊ,” ती धापा टाकत म्हणाली, “मी आली.”

मागे बाज करकरली. कोणी उठावं तशी.

तेव्हा धोंडबा वळला.

आत कोणी नव्हतं. बाजेखाली तीन बोटांची वीट होती. दोन तुकडे, तसेच. बाजेच्या दोऱ्या मधे खोल गेल्या होत्या, आणि बघता बघता वर येत होत्या.

शेवंता खिळ्याकडे पाहत होती. रात्री शिट्टी होती तो खिळा. तिच्या हातातली किटली कलली, चहा सांडू लागला आणि तिला कळलं नाही.

खिळ्याला पितळी टोकन लटकत होतं. आगीने काळं पडलेलं. कड वितळलेली. धोंडबाने अंगठ्याने काजळी पुसली.

४१७.

त्याने ते खिशात ठेवलं. नाईट फिटली.