येते म्हणाले, एवढंच

कामगार ट्रायब्युनलच्या जिन्यात माझ्या छत्रीची काडी एका माणसाच्या कोटाच्या खिशात अडकली आणि आमची ओळख झाली. श्रावण सरत आला होता, बाहेर पाऊस नुसता भुरभुरत होता आणि माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. मी छत्री जोरात ओढली. खिसा टर्रकन उसवला.

“असू दे,” तो म्हणाला. “तसंही त्यात कधी काही नसतं.”

“मग खिसा हवा कशाला?”

“हात घालून उभं राहायला. आता हात कुठे ठेवू… तुम्हीच सांगा.”

मला हसू आलं, आणि हसू आलं याचाच राग आला. ट्रायब्युनल कुठल्या मजल्यावर, एवढं विचारून मी तरातरा वर गेले. तो मागून येत होता. मला वाटलं, पाठलाग करतोय.

मी कौसल्या परब. लालबागच्या चाळीत वाढलेली, परळच्या एका सरकारी बाळंतपणाच्या इस्पितळात नर्स. नर्स होते असं म्हणायला हवं, कारण मला काढून टाकलं होतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत हरताळ झाला त्या दिवशी माझी पाळी दुपारी संपली. वॉर्ड मेट्रनबाईंच्या ताब्यात दिला, त्यांना ‘येते हं’ म्हटलं आणि घरी गेले. मेट्रनबाई दुसऱ्या प्रांतातल्या, मराठी कामापुरतं कळायचं. त्यांना वाटलं, ही परत येणार आहे. संध्याकाळी रस्ते बंद झाले, पुढच्या पाळीची नर्स पोचलीच नाही आणि वॉर्डात कुणी उरलं नाही. वरून विचारणा झाली तेव्हा बाईंनी सांगितलं, परब येते म्हणून गेली आणि आलीच नाही. त्यावर कुणा शहाण्याने जोडून दिलं की मोर्चाला गेली असणार. अहो, मोर्चाला गेले असते तर छाती ठोकून सांगितलं असतं! गेले नव्हते, घरी वडिलांचा दमा उसळला होता, आणि न केलेल्या गोष्टीची शिक्षा भोगत होते.

युनियनचे तात्या माझी बाजू मांडत होते. राज्य द्विभाषिक झालं होतं, पण ट्रायब्युनलची भाषा तिसरीच, इंग्रजी. त्यामुळे साक्षीदाराशेजारी दुभाषा उभा राहायचा. मी शपथ घ्यायला उभी राहिले आणि माझ्या बाजूला येऊन उभा राहिला तो उसवलेला खिसा. रामदास त्याचं नाव, गिरगावातला. जिन्यात लाघवी बोलणारा माणूस इथे अगदी कोरडा झाला होता.

तात्यांनी विचारलं, तुम्ही मेट्रनना काय म्हणालात? मी सांगितलं, येते म्हणाले आणि घरी गेले.

“आय सेड, आय ॲम कमिंग, ॲण्ड आय वेंट होम,” रामदास म्हणाला.

सरकारी वकील हसला. माझं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरचं, पण ‘आय ॲम कमिंग’ शेंबड्या पोरालाही कळतं. तात्या उठले आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत काहीबाही समजावू लागले. अध्यक्षसाहेब गुजराती होते, चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू न देणारे. त्यांनी तात्यांना थांबवलं. शपथेवर नेमलेला दुभाषा सांगेल तेच मी धरीन, म्हणाले, आणि रामदासला विचारलं, बाईंचे शब्द हेच ना? त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं… आणि सांगितलं, हो, शब्द हेच.

पुढची तारीख पडली.

मी खाली फाटकाशी त्याला गाठलं आणि मनात होतं ते सगळं सुनावलं. त्याचं म्हणणं एकच. दुभाष्याने शब्दाला शब्द द्यायचा, पदरचं काही घालायचं नाही, तसा नियमच आहे.

“मग पोपट ठेवा की,” मी म्हटलं. “त्याला पगारही द्यावा लागणार नाही.”

“पोपट तुमच्याकडे बघत राहिला असता… त्याच्याकडून हेही भाषांतर झालं नसतं.”

असं कुणी बोलावं, तेही अशा वेळी! माझे कान तापले. रागानेच तापले, असं मी स्वतःला बजावलं. मी ट्राममध्ये चढले तर हाही चढला. चिंचपोकळीपर्यंत तो माझी समजूत घालत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते. उतरायची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम त्याच्या तोंडावर म्हटलं, “जाते मी.”

शेजारी एक म्हातारी मांडीवर पाटी घेऊन बसली होती. तिने चटकन माझा हात धरला.

“जातंय म्हणा नये गो चेडवा. येतंय म्हण.”

“आजी, येते म्हटलं म्हणूनच माझी नोकरी गेली. विचारा ह्यांना. ह्यांनीच इंग्रजीत घालवली.”

अख्खी ट्राम त्याच्याकडे बघायला लागली. त्याने मान खाली घातली. मला बरं वाटायला हवं होतं, पण घरी पोचेपर्यंत तो खाली घातलेला चेहराच डोळ्यांपुढे येत राहिला. त्यावरून मी आईवरसुद्धा उगाच डाफरले.

पुढच्या तारखेला तो पुन्हा माझ्या बाजूला उभा राहिला. सरकारी वकिलाने मला प्रश्न विचारला, पण रामदासने तो मराठीत सांगितलाच नाही. त्याने अध्यक्षांकडे बोलायची परवानगी मागितली. तो काय बोलला ते मला तात्यांनी कानात सांगितलं. तो म्हणाला, मी केलेलं भाषांतर शब्दाला धरून आहे, पण खोटं आहे.

वकील ताडकन उठला. आज हा माणूस चुकलो म्हणतो, मग आजवरच्या खटल्यांत कितीदा चुकला असेल? अध्यक्षांनी चष्मा काढला. ह्यानंतर तुम्हाला ह्या जागी उभं राहता येणार नाही, कळतंय ना, असं त्यांनी विचारलं. रामदास म्हणाला, कळतंय. मग त्याने सावकाश सांगितलं की आमच्यात घरातून, कामावरून निघणारा माणूस कधीच जातो म्हणत नाही. तो येतो म्हणतो. नुसतं गेला म्हटलं, तर मेला असा अर्थ होतो. ही बाई येते म्हणाली, म्हणजे हिने निरोप घेतला.

अध्यक्षांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग कुणालाच न उद्देशून, हळूच म्हणाले, “आवजो.”

मला लगेच कळलं. आमच्या चाळीखालचा वाणी प्रत्येक गिऱ्हाइकाला जाताना हेच म्हणतो. निघालेल्याला म्हणायचं, या. ह्या माणसाच्याही घरात तेच. आणि मी पहिल्या दिवसापासून मनात धरून बसले होते, की हा गुजराती आपल्याला कसला न्याय देणार. मला त्यांच्याकडे बघवेना. साहेबांनी पेन उचललं आणि लिहायला लागले.

मला कामावर परत घ्या, असा निकाल झाला. तात्यांनी पेढे वाटले. मी रामदासला शोधत होते तर त्याच्या जागी दुसराच कुणी उभा. दुभाष्याच्या कामावरून त्याला कधीच काढलं, हे तात्यांनी मला पेढा तोंडात असताना सांगितलं. पत्ता घेतला आणि तडक गिरगाव गाठलं.

तो बनियनवर, चाळीच्या नळावर बादली भरत होता. मला बघून बिचारा खांद्यावरचा पंचा अंगाभोवती ओढायला लागला.

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला?” मी विचारलं. गॅलरीत माणसं जमायला लागली, जमू देत.

“तुम्हीच. ट्राममध्ये, सगळ्यांसमोर.”

“रागाने बोलले होते मी. रागाने बोललेलं इतकं मनावर घ्यायचं?”

“तुम्ही दुसरं काही बोलतच नाही… मग मनावर घेणार काय?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळे तर मी आणखीच भडकले. आता पुढे काय करणार, विचारलं. शिकवण्या घेईन म्हणाला. तुम्हाला एक विचारायचं मनात होतं, म्हणाला, पण आता हाताला काम नसताना —

“तुम्ही विचारूच नका,” मी म्हटलं. “नोकरी माझी लागलीय. मी विचारते. माझ्याशी लग्न करणार का?”

बादली भरून वाहायला लागली. त्याची आई दारात येऊन उभी होती, हातातलं लाटणं तसंच. दुसऱ्यांचं बोलणं घटकेत ह्या भाषेतून त्या भाषेत नेणारा माणूस, त्याने नुसती मान हलवली.

“मान हलवलेली चालत नाही,” मी म्हटलं. “तोंडाने सांगा.”

“हो,” तो म्हणाला. मग वर गॅलरीकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा एकदा म्हणाला, “हो.”