रिकाम्या बंदुकीचा बार

पेंटबॉलच्या बंदुकीच्या डोळ्यावर, म्हणजे गोळी उतरली का ते टिपणाऱ्या सेन्सरवर, काळ्या टेपचा बारीकसा तुकडा सापडला.

"कबुलीवर सही कर," मुख्य पंच डोरीन पॅक म्हणाली. "डोळा झाकला की बंदूक गोळीसाठी थांबत नाही. वेग वाढवायचा होता ना तुला?"

"सही करणार नाही," ब्रेना कोवाल्स्की म्हणाली. उपांत्य सामन्यात तिच्या बंदुकीतच रंगाच्या गोळ्या फुटल्या होत्या; संघ कसाबसा जिंकला होता. समोर दोन वर्षांची बंदी होती. "बंदी घालायची तर खुशाल घाला. मी हे केलेलंच नाही."

ओहायोतल्या त्या मैदानावर बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या लायल हॅस्किन्सला पोरीचा ताठा आवडला. त्याने बंदूक उचलली.

"इथून किरण निघतो, समोरचा डोळा तो पकडतो. मध्ये गोळी पडली की किरण अडतो, आणि मगच बार सुटतो. टेप लावली की डोळ्याला कायम गोळीच दिसते. मग अर्धवट उतरलेल्या गोळ्या चिरडतात. स्वतःचाच खेळ कोण बिघडवेल, डोरीन? सकाळी बंदूक कोणाकडे होती?"

"माझ्याकडे," ट्रेंट म्हणाला. तो संघातला राखीव खेळाडू. ब्रेना बाद झाली की अंतिम सामन्यात तोच उतरणार होता. "साफ केली, गोळ्या न भरता दहा बार काढले. झकास चालली. जे काही केलं ते तिने नंतर केलं."

"डोळा बंद करायचं बटण दाबलंस?" लायलने विचारलं.

"तिच्या बटणांना हातही लावला नाही. डोळा चालूच होता."

"नक्की?"

"शपथेवर सांगतो."

लायलने टेबलावरची दुसरी रिकामी बंदूक डोरीनला दिली. "डोळा चालू आहे. ओढ घोडा."

तिने तीनदा ओढला. काहीच झालं नाही.

"गोळी नाही, तर बार नाही," लायल म्हणाला. "म्हणून रिकामी बंदूक वाजवून बघायची तर आपण सगळे आधी डोळा बंद करतो. ही सवय झोपेतही सुटत नाही. ट्रेंटने बटण दाबलं नाही, तरी दहा बार सुटले. म्हणजे टेप तेव्हाच लावलेली होती. ती दुसऱ्या कोणी लावली असती, तर पहिल्याच बाराला हा दचकला असता. हा म्हणतो, झकास चालली."

ट्रेंटचा चेहरा उतरला. "तीन हंगाम बाकावर बसवलंत मला," तो पुटपुटला.

"मग माझ्याशी मैदानात भिडायचंस," ब्रेना म्हणाली.

डोरीनने घसा साफ केला. "चल, अंतिम सामन्याला दहा मिनिटं आहेत."

"मला घाई नाही. लबाडीचा आळ घेतलात तो सगळ्यांसमोर. माफीही सगळ्यांसमोर मागा. मग उतरते."

डोरीनने घोषणेचा भोंगा हातात घेतला आणि ती प्रेक्षकांकडे वळली.