रिकामी चौकट

संध्याकाळच्या प्रौढवर्गात तान्हाबाई बोलायची आणि मांडीवरची परातीएवढी काचेची पाटी ते लिहायची. निळ्या चौकटीत उद्देश्य, म्हणजे ज्याच्याविषयी बोलायचं तो. पिवळ्या चौकटीत विधेय, म्हणजे त्याच्याविषयी जे सांगायचं ते. बायका 'आणि', 'पण' करत लांबण लावत, तेव्हा पाटी त्या संयुक्त वाक्याची सुटी केवल वाक्यं करी. निळी चौकट रिकामी राहिली, तर मागचं बोलणं बघून स्वतःच भरी. शहरातून पाटी तसं शिकूनच आली होती.

त्या दिवशी पाणीसंस्थेचे चेअरमन वर्गातच चौकशीला आले. पाण्याची पाळी नसताना कुणीतरी पाटाचं दार उघडलं होतं आणि बचतगटाचं कांद्याचं रोप वाहून गेलं होतं. दाराची किल्ली पाटकरी भिवाकडे असे. तान्हाबाईचं घर पाटाला लागून होतं.

"काय बघितलं, आजी?"

"भिवा आला, चहा प्याला आणि ओट्यावर टेकला. आणि मग जाऊन दार उघडलं."

"कुणी?"

तान्हाबाईनं पदर पुढे ओढला. गोदाक्का मागून फिसकन हसली, "घे की उखाण्यात!" मग एकदम गप्प झाली. बायको नाव गाळते ते कुणाचं, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पाटीला ठाऊक नव्हतं. तिनं निळी चौकट भरली.

"वाचा बरं," वर्ग घेणाऱ्या वृषालीबाई म्हणाल्या.

तान्हाबाईनं बोट फिरवलं. "भिवाने... दार... उघडले."

कुणाच्या मदतीशिवाय वाचलेलं तिचं ते पहिलं वाक्य. बाईंनी टाळ्या वाजवल्या, चेअरमननीही वाजवल्या. तान्हाबाईनं पाटी मांडीवर पालथी घातली. भिवाला डोळा लागल्यावर किल्ली तिच्या नवऱ्यानं काढून नेली होती. खरं कळलं असतं, तर नवऱ्याचं पाणी तोडलं असतं. खोटं आपण कुठं बोललो, पाटी बोलली, असं ती रात्रभर मनाशी म्हणत राहिली. पण वाचलं तर तिनंच होतं.

पुढच्या वर्गाला भिवा किल्ली परत करायला आला. त्याचं काम गेलं होतं.

"आज्जे, रागावू नको," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, मी तुमच्या ओट्यावर झोपलोच होतो. झोपेतच उठलो असेन. पाटी खोटं कशाला लिहील?"

त्यानं भांडण केलं असतं, तर तिला सोसलं असतं.

"बाई, त्या दिवशीचं काढा. निळी चौकट पुसा."

"मग तोंडानं सांगा, आजी. नाव पाटी लिहील."

"तोंडानं नाही घ्यायची मी. लग्न झाल्यापासून नाही घेतलं." तिनं पाटीची लेखणी उचलली. "हातानं लिहू नये, असं कुणी सांगितलंय?"

नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर वर्णमालेत अगदी शेवटी होतं. ते ती नुकतीच शिकली होती. दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा उमटलं: ज्ञ. मग त्याला काना. मग नो. मग बा.

भिवा खाली बसला. गोदाक्का आता हसत नव्हती. ती आपल्या मांडीवरच्या पाटीकडे बघत होती. अशाच पाट्या आता दवाखान्यात होत्या, चौकीत होत्या, तालुक्याच्या कोर्टातही होत्या. तिथं जाऊन कितीतरी बायका नाव गाळून बोलल्या असतील.

त्यांच्या रिकाम्या चौकटींत पाटीनं कुणाकुणाला बसवलं असेल?