भागीबाईंचे पाय

पनवेलच्या चर्चचा तरुण संघ डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी चौक गावाजवळच्या वृद्धाश्रमात पोचला. बारा जण, संत्र्यांच्या दोन पेट्या, एक गिटार आणि सहा प्लास्टिकचे टब. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे आपण आजी-आजोबांचे धुवायचे, असं नवीनदादाने ठरवलं होतं. संघाचा पुढारी तोच.

शलोमी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. पाय म्हटलं की तिला हाडं, स्नायू, रक्तपुरवठा आठवायचा. गहिवर वगैरे कधी आला नाही. बायकांच्या खोलीत आठ खाटा होत्या. खिडकीबाहेर जुना हायवे होता आणि गॅरेजमधली ठोकठोक सतत ऐकू येत होती. सात जणींचे पाय धुऊन झाले, तशी ती टब घेऊन शेवटच्या खाटेकडे वळली.

"ताई, भागीआजीचे पाय नका धुवू," मागून वनिता म्हणाली. आजींचं सगळं करणारी बाई ती. "बाकी काय करायचं ते करा."

"का?"

"आजीला ते चालत नाय."

शलोमीने पायथ्याचा कागद वाचला. भागीबाई, अंदाजे ऐंशी. तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. तिने चादर वर केली. गुडघे दुमडून आखडले होते, पोटऱ्या मनगटाएवढ्या उरल्या होत्या. हे पाय आता उभे राहणं शक्य नाही, हे तिला बघताक्षणी कळलं.

आणि तळव्यांना चिखल होता. ओला. बोटांच्या बेचक्यांत तांबडी माती, टाचेवर काळं वंगण, खडीची बारीक कच.

तिचं डोकंच फिरलं. "कधीपासून धुतले नाहीत हे?"

"अंग रोज पुसते मी." वनिताने नजर चुकवली.

"मी वरपर्यंत कळवणार आहे हे."

"धुवा मग," वनिता हळूच म्हणाली. "पन मी नको म्हनले व्हते."

टबातलं पाणी लालभडक झालं. म्हातारी डोळे मिटून धापा टाकत होती. डाव्या टाचेत करवंदीचा काटा निघाला, हिरवा, ताजा. उपसला तसा रक्ताचा थेंब आला. गळ्यातला क्रूस लोंबत पुढे येत होता, तो मागे सारून शलोमीने दोन्ही पाय टॉवेलने कोरडे केले.

भागीबाईंनी डोळे उघडले. आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पुसलंस, बाय?" आवाज अगदी बारीक होता. "ठाकुरवाडीच्या वर आलते गं. आमची घरं दिसत व्हती. आता परत हितनंच."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आवाज मात्र नव्हता.

वनिताने शलोमीला दाराशी नेलं. "लेक तिचा, पोशा, वर डोंगरात वाडीवर ऱ्हातो. पाठीवर घिऊन जातो म्हनतो, डाक्टर सोडत नायत. पावसाळ्यापास्नं घराकडं चालतीय ती."

"कोण चालतंय?"

"मागं एका पाव्हन्यानं असंच धुतलं. तवा बी पयल्यापास्नं निघाली. तवा ताकद व्हती." वनिताने पदराने तोंड पुसलं. "आता कुटं हाय?"

कुणीतरी हिच्या पायांना चिखल फासतंय, एवढंच शलोमीच्या डोक्यात आलं. कोण, ते आज दिसेल. दुपारी बाकीचे जेवायला अंगणात गेले, तेव्हा ती स्टूल ओढून खाटेशी बसली. चादर तिने पुरती काढून ठेवली आणि पायांवरची नजर हलू दिली नाही.

कुणीही जवळ आलं नाही.

आधी तळव्याच्या रेषांत राखाडी धूळ भरली. उन्हाची तिरीप असेल, असं तिला वाटलं. मग करंगळीखाली डांबराचा ठिपका उमटला. मग चिखल आला, घोट्यांपर्यंत चढत गेला. बाहेरची शेतं केव्हाच कापून, सुकून भेगाळली होती. हा मात्र लावणीचा चिखल होता, त्याला तसाच वास होता. भाताच्या रोपाचं एक हिरवं पातं पावलाला चिकटलेलं होतं.

गुडघे तसूभरही हलले नव्हते.

अंगणात नाताळची गाणी सुरू झाली. भागीबाईंचा श्वास चढत होता. खाटेखाली टपटप आवाज येऊ लागला. पायांवरून पाणी निथळत होतं.

"वढ्याला लय पानी हाय," त्या पुटपुटल्या. "हात दे गं."

शलोमीला उठून पळावंसं वाटलं. पण त्या बाईची सगळी वाट तिनेच पुसली होती, टॉवेलने, कोरडी करून.

तिने हात दिला.

पकड घट्ट होती. उतारावरून उतरणारं माणूस ओढतं, तशी ओढ लागली आणि स्टूल फरशीवर करकरलं.

"सोडू नको."

"नाही सोडत, आजी."

तीनच्या सुमाराला तळव्यांना वंगण लागलं. मग खडीची कच. रेल्वेची लाइन आली असणार, असं शलोमीच्या मनात आलं, आणि आपण हे मानायला लागलो, हेही तिच्या लक्षात आलं. ती श्वास मोजत राहिली. मिनिटाला अडतीस. चव्वेचाळीस.

"आता चढन हाय."

"चला. मी आहे."

तांबडी माती आली.

टाचेत काटा मोडला, तशी म्हातारी कण्हली. थांबली नाही.

मग पकड सैल झाली. एक लांब श्वास बाहेर पडला आणि परत आत गेला नाही. डोक्यावरची मोळी अंगणात उतरवल्यावर असतो तसा तो चेहरा होता.

शलोमीने नाडी पाहिली. दोनदा पाहिली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिने हाक मारल्यावर वनिता आली, तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला. पलीकडे बऱ्याच वेळाने पोशाने उचलला.

"पोशादादा, आश्रमातनं वनिता बोलते. तुजी आई..."

"पोचली की," तो म्हणाला. आवाज शांत होता, रडून झाल्यासारखा. "आताच आली. चुलीपाशी निजलीय. मला ठावं हाय ती कशी आलीय ते. सकाळी येतो तिला न्यायला, तुमी तयारी करून ठेवा."

वनिताने डोळे पुसले. "बरं, दादा."

"पन ताई, संगं ती पोरगी कोन धाडली?"

वनिताने शलोमीकडे पाहिलं.

"शेरातली दिसते. गळ्यात क्रूस हाय. आईचा हात धरून आली, आन् आता दारातच उभी हाय. बस म्हनलं तर बसत नाय. नाव इचारलं तर नुसती बघते."

शलोमीने बोलायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"तिला कोन न्यायला येतंय?" पोशा विचारत होता. "हितनं परत जायची वाट तिला ठावं नाय, म्हनते आई."